रिकाम्या घराचं व्याज

"बाई, तुम्हाला करखात्यात बोलावलंय. त्या घराच्या खर्चाबद्दल," पगार विभागातले काका प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाले, आणि तिच्या हातातली काचेची नळी स्टँडच्या काठावर आपटली.

रंगाच्या कारखान्यात ती केमिस्ट होती. बढती मिळून या गावात बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकचं भाडं कंपनीनं दिलं होतं, आणि जुनं घर विकलं जाईपर्यंत त्याच्या कर्जाचं व्याजही कंपनीच भरत होती. पैसे परस्पर बँकेत जायचे. त्यावर आपल्याला कर भरावा लागेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"काका, पकडून तर नाही ना नेणार?"

"छे हो," काका म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

त्यानंतर दाराची बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. "एवढं काय घाबरतेस? मी येतो बरोबर," नवरा म्हणाला. तिच्या बदलीपायी त्यानं चित्रकला शिक्षकाची नोकरी सोडली होती आणि इथं त्याचं अजून कुठंच जमलं नव्हतं. त्याचाही चेहरा उतरला होता. तिला वाटलं, आपल्याच काळजीनं.

करखात्यातल्या अधिकारी बाईंना सडकून सर्दी झाली होती. नाक पुसत त्या म्हणाल्या, "ट्रकभाडं सोडा, त्यावर कर नाही. पण कर्ज तुमचं आणि व्याज भरलं कंपनीनं. म्हणजे तो तुमचा पगारच झाला. हातात पडला नाही म्हणून काय झालं?"

"मॅडम, खरंच माहीत नव्हतं मला."

"सगळे हेच म्हणतात." आवाजात खोच मात्र नव्हती. "पण दीड वर्षात घर विकलं कसं नाही गेलं? कोणी बघायलाही आलं नाही?"

"एकही नाही," ती म्हणाली. "विक्रीचं सगळं हेच बघतात."

"आले होते," नवरा म्हणाला.

तिनं मान वळवली. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"तिघं आले होते. मीच परत पाठवलं. म्हटलं, इथं नाही जमलं तर परतायला घर असावं."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते तुमचं आणि कंपनीचं. कर मात्र भरावा लागेल. हप्ते बांधून देते."

जिन्यात ती थांबली. आता नोकरीही जाणार! पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. दीड वर्ष शेजारी झोपणारा हा माणूस मनानं भलतीकडेच राहत होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खुशीत होतीस. मी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, हा माझ्या बढतीवर जळतोय."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तिनं स्वतःच सगळं सांगून टाकलं. साहेब भडकले, वाटेल तसं बोलले. व्याज त्याच महिन्यापासून बंद झालं आणि तिला लेखी समज मिळाली. नोकरी तेवढी वाचली.

घर पडत्या भावात विकावं लागलं. किल्ल्या द्यायला नवरा जुन्या गावी एकटाच गेला. तो दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. त्याचा फोन लागेना. नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं दोनदा चुकवल्या. तो तिथंच राहिला तर? हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

तो आला तेव्हा दिवे लागले होते. बूट काढता काढता म्हणाला, "चार्जिंग संपलं गं. जेवलीस?"

ती भिंतीला टेकून रडायलाच लागली. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला.

"माझं मन अजून इथं लागलेलं नाही," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"सांगत जा," ती डोळे पुसत म्हणाली. "आज जेवढी भ्याले ना, तेवढी करखात्यातसुद्धा नव्हते भ्याले."