चतुराबाईंच्या घशातला जप

मुखेडला निवांतगिरी महाराजांच्या मंडपात सकाळ सावकाश उतरत होती. पत्र्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके आधी सतरंजीवर पडले, मग चपलांच्या ढिगाकडे सरकले, दुधाच्या पातेल्यावर जरा रेंगाळले आणि शेवटी बजरंगच्या आईच्या, चतुराबाईंच्या, मिटल्या पापण्यांवर येऊन थांबले. पापण्या हलल्या नाहीत.

विसरभोळेपण वाढल्यापासून रात्ररात्र ओरडणारी ही बाई महाराजांच्या चिमूटभर विभूतीनं गप्प झाली होती. तो चमत्कार पाहायला निम्मा बाजार लोटला होता.

"घशाला कान लावा!" महाराज गरजले. "घुर्र घुर्र ऐकू येतंय? हा आतला जप! काल भूत खोकत होतं. आज खोकला बंद. भूत गेलं, नाम राह्यलं!"

लोक कान लावून धन्य होत होते. शेजारच्या साहेबरावांनी तर तो जप मोबाइलमध्ये भरून घेतला.

"उठवू नगा हिला. पोरा, चमच्यानं दूध पाज. अमृत हाय, आपोआप उतरतंय!"

चार माणसांत मान वर करणंही बजरंगच्या जिवावर येई. त्यानं मुकाट्यानं चमचा उचलला.

दुपारी आईचे ओठ निळे पडले. "समाधी लागली," महाराज म्हणाले. बजरंगची बहीण उज्वला मात्र कुणाचं न ऐकता आईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

"काय पाजलं?" डॉक्टर लुंबिनींनी विचारलं.

"दूध," बजरंग म्हणाला. "जप चालू होता म्हून..."

"जप नाही हो दादा, आधी घशात लाळ घुरघुरत होती, आता छातीत दूध बुडबुडतंय."

उज्वलानं दिलेली विभूतीची पुडी त्यांनी कागदावर उलटली. राखेत एक न कुटलेला पांढरा तुकडा निघाला, मधोमध रेघ असलेला.

"राखेला अशी रेघ नसते, गोळीला असते. कशाची गोळी, ते ही गुंगीच सांगतेय. गुंगीत गिळणं बिघडतं. दूध श्वासनलिकेत उतरतं, खोकला त्याला बाहेर हाकलत नाही, आणि न्यूमोनिया होतो. महाराज ज्याला भूत म्हणाले, तो खोकलाच आईंचा राखणदार होता."

संध्याकाळी पोलिसांना महाराजांच्या गादीखाली झोपेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. महाराज स्वतः टक्क जागे होते.

दवाखान्याच्या दारात जमलेल्यांना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "गुंगीतल्या माणसाच्या तोंडात तीर्थसुद्धा घालू नका. आधी पुरतं जागं होऊ द्या, बसवा, गिळतंय का पाहा. देव तेवढा वेळ थांबेल."

"महाराजानं फसवलं रे आपल्याला," साहेबराव म्हणाले. बजरंगनं घाईघाईनं मान डोलावली.

दुसऱ्या सकाळी उजेड दवाखान्यातल्या खाटेवर आला, तेव्हा मास्कआडून चतुराबाई बारीकशा खोकल्या. उज्वला रडता रडता हसली, "खोक माय, अजून खोक!"

बजरंगला हसता आलं नाही. आई गिळत नाही, हे त्याला पहिल्याच चमच्याला दिसलं होतं.