मार्थेची साक्ष

पत्र्याची शेड पाडल्याचं तारामती साळवेंना कुणी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी त्या नेहमीसारख्या मोठी पातेली घासायला चर्चच्या मागं गेल्या, तर शेड जाग्यावर नव्हती. चुलींच्या जागी सिमेंटचा ओला चौकोन होता आणि पातेली कंपाउंडच्या भिंतीला पालथी टेकवून ठेवली होती.

"पाव्हण्यांची गाडी लागायची हाय तिथं," चर्चची देखरेख करणारे अंबाजी खाली बघत म्हणाले. "पाळकसाहेबांचा हुकूम."

"आन् रविवारचं जेवण?"

"त्ये आबिड्सच्या हॉटेलातून येणार. डब्बे."

शहाण्णव सालचा नोव्हेंबर होता तो. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या बाजूला मराठी मंडळीचं हे लहानसं चर्च. माणसं बहुतेक जालना, बीड, उदगीरकडची, रेल्वेत नाहीतर सरकारी कचेऱ्यांत चिकटलेली. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कापणीचा सण व्हायचा आणि उपासनेनंतर सगळ्यांचं प्रीतिभोजन. तारामतींचे यजमान मुकुंदराव नोकरीत असताना गाडीवर गार्ड होते. एका वर्षी त्यांच्या केरळी सोबत्यानं अननसाची पाटी भरून दिली. एवढ्या अननसांचं करायचं काय, म्हणून तारामतींनी साखरभातात घातले. लोकांनी पातेलं पुसून खाल्लं. तेव्हापासून बावीस वर्षं अननसाचा साखरभात त्यांच्याच हातचा.

मुख्य म्हणजे त्या दिवशी फाटक उघडं असायचं. स्टेशनावरचे हमाल, रिक्षावाले, पलीकडच्या गल्लीतल्या विडीवाल्या बाया, जो येईल तो पंगतीला बसायचा. नाव-गाव कुणी विचारत नसे.

वर्षापूर्वी आलेले पाळक गौतम तरुण होते, बंगलोरला शिकलेले. वाईट माणूस नव्हे. आजाऱ्याकडे धावून जायचे, गायन फार सुंदर करायचे. पण शहरात जे जे नवं येत होतं, ते ते मंडळीत आणायची त्यांना घाई होती. माइक आला, गाण्यांसाठी पडदा आला, मागल्या बाजूला नवं सभागृह बांधायचं ठरलं. त्यासाठी पैसे देणारे परदेशातले पाहुणे यंदाच्या सणाला यायचे होते. आधीच्या रविवारी त्यांनी मार्था आणि मरीयेवर प्रवचन केलं. प्रभू घरी आला तेव्हा मार्था रांधण्यात गुंतली, मरीया पायाशी बसून ऐकत राहिली, आणि प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. "भगिनींनो, यंदा तुमच्यापैकी कुणी चुलीपाशी राहू नये," पाळक म्हणाले होते. "यंदा सगळ्यांनी मरीया व्हावं." तारामतींना ते बोलणं गोड वाटलं होतं. त्याचा अर्थ शेड पाडणं असा आहे, हे आज कळलं.

घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं. शिल्पा पेजरच्या कंपनीत टेलिफोनवर निरोप घ्यायचं काम करी. दिवसभर तेलुगू, हिंदी, इंग्रजी बोलून ती संध्याकाळी घसा धरून घरी यायची.

"चांगलंच झालं ना, आई," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून चार वर्षं मी त्या दिवशी कांदे कापतेय. एकदा पण सर्मन पूर्ण ऐकला नाही. पुरुष सगळे आत बसतात आणि आपण धुरात. पास्टर काय चूक बोलले?"

तारामतींना ते लागलं. कारण पोरगी खरं बोलत होती. बावीस वर्षं त्यांनी कापणीच्या सणाचं प्रवचन शेडच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्यानं ऐकलं होतं. आशीर्वादाचे शब्द कानावर पडले की झाऱ्या हातात घ्यायचा, एवढंच ठरलेलं.

"चूक न्हाई बोलले," त्या शेवटी म्हणाल्या. "पण डब्बे किती सांगितलेत?"

"एकशेवीस. मेंबर्सना कूपन देणार आहेत."

"आन् फाटकाबाहेरच्यांना?"

शिल्पा पाणी प्यायला आत गेली.

शनिवारी सकाळी तारामती पिशव्या घेऊन मोज्जमजाही मार्केटला गेल्या. नाकाशी धरून, देठाकडून दाबून, एकेक करत वीस अननस निवडले. मुकुंदराव गुडघा धरत रिक्षातून चर्चपाशी उतरले आणि अंबाजींकडून पातेली घेऊन आले. चर्चची पातेली घरी नेण्याची परवानगी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही.

दुपारभर त्या अंगणात विळीवर बसल्या. साल उतरली, तिरप्या रेघेनं डोळे काढले, मधला दांडा टाकला, बारीक फोडी केल्या. अननस कच्चा राहिला तर जिभेला चावतो, म्हणून त्या फोडी आधी साखर लावून त्यांच्याच रसात शिजवून घेत. डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना करणं त्यांना कधी नीट जमलं नव्हतं. मन भरकटायचं. पण हात कामात असले की आतून आपसूक बोलणं सुरू व्हायचं. देवबापाशी त्या अशाच बोलत आल्या होत्या. थोरला मुलगा तापानं गेला तेव्हाही, आणि धाकटा प्रकाश, शिल्पाचा नवरा, दुबईला गेला तेव्हाही. मग चूल सोडून प्रभूच्या पायाशी बस म्हणजे काय? मी इतकी वर्षं कुठं बसले होते? विळी चालत होती आणि राग चढत होता. प्रभूवरही थोडा चढला. मार्थेला सगळ्यांदेखत बोललास, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगून टाकलं.

आणि मग त्यांना तीच मार्था पुढं कुठं कुठं भेटते ते आठवत गेलं. हातातली फोड तशीच राहिली.

रविवारी पहाटे उसने आणलेले दोन स्टोव्ह पेटवले. तुपात लवंगा, त्यावर तांदूळ परतून मोकळा भात. तो पुरता शिजल्यावरच साखर आणि अननस, वरून केशर, झाकण, मंद आच. साडेनऊला पत्रावळींच्या गठ्ठ्यासह दोन्ही पातेली रिक्षातून चर्चच्या फाटकाशी उतरली.

अंबाजी आडवे आले. "ताराक्का, आत न्हाई नेता येणार. कूपनाशिवाय माणूस बी सोडू नको म्हणलेत, तर पातेली कुठली."

"आत कोण नेतंय? हितंच ऱ्हाऊ दे, भिंतीच्या सावलीला. तुमी फकस्त झाकण उघडू नका."

फाटकाबाहेर दरवर्षीची माणसं जमायला लागलीच होती. एक म्हातारा हमाल, ज्याला सगळे चाचा म्हणत, तो बंद फाटकाकडे बघून म्हणाला, "क्या अम्मा, इस साल दावत नै क्या?"

"हाय. थोडं थांबा, चाचा," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आत जाऊन त्या पहिल्या बाकावर बसल्या. तिथं पाहुण्यांसाठी कागद चिकटवला होता, तो त्यांनी बाजूला सारला. शिल्पा मागून कुजबुजली, "आई, ती जागा रिझर्व्ड आहे." त्या हलल्या नाहीत. पाहुणे आले, तिघं गोरी माणसं. हसून शेजारीच बसली. बावीस वर्षांत तारामतींनी पहिल्यांदाच कापणीच्या सणाची उपासना सुरुवातीपासून ऐकली. गीतं म्हटली. वेदीपुढं रचलेली ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस नीट पाहिले.

साक्षीची वेळ आली. मंडळीत प्रथा अशी की, ज्याला देवाचा अनुभव सांगायचा त्यानं उभं राहून दोन शब्द सांगावेत. पाळकांनी एका कॉलेजच्या मुलीला आधीच तयार करून ठेवलं होतं. ती उठायच्या आत तारामती उठल्या आणि माइक हातात घेतला.

"मला माझी साक्ष न्हाई द्यायची," त्या म्हणाल्या. "मार्थेची द्यायची हाय."

पाळकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

"मागल्या रविवारी आपण ऐकलं, मार्थेला प्रभू बोलला. खरंय. पण गोष्ट तिथं संपत न्हाई. तिचा भाऊ लाजर मेला, तवा मरीया घरात बसून ऱ्हायली. रस्त्यावर धावत कोण गेलं? मार्था. तूच ख्रिस्त हाईस, असं तोंडावर कोण म्हणलं? चुलीपाशी ऱ्हाणारी बाईच. एवढा विश्वास ती कुठं शिकली? आन् लाजर उठल्यावर पुन्हा जेवण झालं, तवा वाढत कोण होतं? तीच. तवा प्रभू तिला एक शब्द बोलला न्हाई. जेवला."

कुणीतरी खोकलं. पाहुण्यांच्या दुभाष्यानं भाषांतर थांबवलं होतं.

"त्यानं मार्थेला बस म्हणलं, चूल फोड म्हणलं न्हाई. मेलेल्यातनं उठल्यावर त्यानं सोता तळ्याकाठी कोळसे पेटवले, मासळी भाजली, आन् दमलेल्या माणसांना या, खा म्हणला. देवाच्या लेकराला रांधायची लाज न्हाई वाटली. आन् जेवणाऱ्यांची यादी तर त्यानं कंदीच काढली न्हाई."

"तारामतीबाई," पाळक हलक्या आवाजात म्हणाले, "वेळ झाली आहे."

"झालंच, साहेब. आमच्या शिल्पाचं बी म्हणणं खरंय. बाया बावीस वर्षं धुरात आन् बाप्ये बाकावर, ही बी मार्थेची चूक न्हाई, आपली हाय. फाटकाबाहेर दोन पातेली साखरभात हाय. रस्त्यावर माणसं उभी हाईत. मी आज वाढणार न्हाई. मला आशीर्वाद होईस्तोवर हितं बसायचंय. ज्याला वाढायचं आसंल त्यानं उठावं."

माइक जागेवर ठेवून त्या बसल्या. हात त्यांनी पदराखाली घेतले.

मग मागच्या बाकावरून मुकुंदराव गुडघ्यावर हात टेकत उठले. ते दारापर्यंत पोहोचतात तोच रेल्वे इंजिनावरचे आणखी दोघं रिटायर झालेले फायरमन उठले, मग शिल्पा. तारामतींनी मागं वळून पाहिलं नाही. फाटकाची कडी वाजली, पत्रावळी पसरल्याचा आवाज आला, आणि चाचाचं मोठ्यानं "बिस्मिल्ला" ऐकू आलं. पाळकांनी गीत सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्या कडव्याला लागला नाही.

त्या दिवशी डबेही वाटले गेले. बऱ्याच जणांनी डबा हातात धरून बाहेर उभ्यानं साखरभात खाल्ला. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईनं दोनदा घेतला. पण सभागृहाचं काही जमलं नाही. मंडळीत फूट दिसते, असं पाहुणे म्हणाल्याचं कानावर आलं.

आठवड्यानं पत्र आलं. पंच कमिटीनं ठराव केला होता: उपासनेत अडथळा आणल्याबद्दल तारामती मुकुंद साळवे यांनी लेखी माफी मागावी, तोवर त्यांना प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही. पाळक स्वतः घरी आले. चहा घेतला नाही.

"दोन ओळी लिहून द्या," ते म्हणाले. "मला ही शिक्षा आवडलेली नाही. पण सभागृह झालं असतं तर तुमच्याच नातवंडांच्या कामी आलं असतं, याचा तुम्ही विचार केला नाही."

"केला, साहेब. पण त्या सभागृहाच्या फाटकावर बी कूपनच मागितलं असतं ना?"

"तुम्ही मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलंत."

हे बोलताना तो तीस वर्षांचा माणूस एकदम पोरगेला दिसला. तारामतींना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "त्याचं मला दुःख हाय. त्ये मी तुमच्यापाशी कबूल करते. पण बोलले त्याची माफी मागणार न्हाई. कागदावर तर न्हाईच."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा विधी. "घरी थांबूया का आजच्या दिवस?" मुकुंदरावांनी विचारलं. "तुमी थांबा," असं म्हणून त्या पांढरी साडी नेसून निघाल्या. मुकुंदराव आणि शिल्पा मुकाट्यानं मागून गेले.

पाळीपाळीनं माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकत होती. तारामतीही टेकल्या. डावीकडं शिल्पा. पाळक भाकरीचं ताट घेऊन एकेकापुढं थांबत आले. शिल्पाच्या हातावर तुकडा ठेवला, आणि तारामतींचे पसरलेले तळहात ओलांडून पुढच्या माणसाकडं गेले.

तारामतींनी हात मागं घेतले नाहीत. रांग उठून गेली, दुसरी आली. त्या तशाच गुडघ्यांवर. कमरेत कळ येत होती. कमिटीतले एक गृहस्थ वाकून "उठा बाई" म्हणाले. त्यांनी मान हलवली. हे ताट पाळकांचं न्हाई, कमिटीचं बी न्हाई, एवढंच त्यांच्या मनात होतं. प्रार्थनेचा दुसरा शब्द सुचत नव्हता.

शिल्पाही उठली नव्हती. तिनं आपला तुकडा अजून तोंडात घातला नव्हता. तिनं तो मोडला आणि अर्धा सासूच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, आई," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

दोघींनी एकाच वेळी खाल्लं. पाळक दोन हातांच्या अंतरावर उभे होते, प्याल्यांचं ताट हातात. ते बराच वेळ ताटाकडंच पाहत राहिले. मग पुढं आले, शिल्पापुढं ताट धरलं, आणि तेच ताट तसंच सरकवत तारामतींपुढं आणलं. तारामतींनी प्याला उचलला.

कमिटीचा ठराव मागं घेतला गेला नाही. कुणी त्याचं नावही पुन्हा काढलं नाही. तारामती शिल्पाच्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि परत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या.