लॉर्नाचा जुना राऊटर

कागद गिरणी बंद पडली तेव्हा लॉर्ना मॅकेला चोपन्न वर्षांची होती. एकतीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढून ती कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या आमच्या कॉलेजात नेटवर्कचा कोर्स करायला आली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मास्तर, जरा मोठ्यानं शिकवा. डावा कान गिरणीत ठेवून आलेय."

लॅबमधले खरे राऊटर कधीच भंगारात गेले होते. शेवटचा बंद पडण्याआधी मी त्याच्या पोटातली प्रणाली एका फाइलमध्ये उतरवून ठेवली होती. ती सिम्युलेटरला दिली की साधा संगणकही त्या राऊटरसारखा वागायला लागतो. नव्या प्रणालींना दणकट संगणक लागतो. लॉर्नाच्या जुनाट लॅपटॉपवर वीस वर्षांपूर्वीची हीच तेवढी चालायची. तिनं त्यावर असे सहा खोटे राऊटर उभे केले नि लॅपटॉप तव्यासारखा तापला.

"काम काही नाही, तरी धापा कसल्या टाकतोय हा?"

"त्याला रिकामं बसता येत नाही. विसावा कुठं घ्यायचा ते आपणच सांगायचं." मी त्या विसाव्याच्या जागेचा आकडा शोधून सिम्युलेटरमध्ये भरायला शिकवलं. पंखा शांत झाला.

"मेला माझ्याच वळणाचा," ती हसली.

आमचे विभागप्रमुख ब्रॅम मात्र मागे लागले होते, "पुसून टाका ती फाइल. आता कोण वापरतंय ती?"

मार्चमध्ये लॉर्नाच्या चुलतभावाचा, आर्वोचा फोन आला. तळ्याकाठच्या एका लहानशा गावाचं पाणी तो बघायचा. कचेरीत नवा राऊटर बसवल्यापासून टाकीची पातळी पडद्यावर दिसेना. बर्फातून गाडी काढून दर दोन तासांनी टाकीवर जावं लागे. पंपघरातला राऊटर जुनाच होता. तो बदलायला सहा आठवडे लागणार होते.

त्या जुन्याच्या प्रणालीची आवृत्ती नेमकी आमच्या फाइलचीच निघाली. लॉर्नानं आर्वोच्या राऊटरांचं सगळं जाळं लॅपटॉपवर हुबेहूब मांडलं आणि तीन दिवसांनी माझ्या दारात उभी राहिली.

"मास्तर, सापडलं! माहिती कुठून जायची ते रस्ते जुना बिचारा सांगतोय, पण जुन्या पद्धतीनं. नवा ऐकूनच घेत नाही. जुन्यात एक ओळ घातली की दोघं बोलायला लागतात. दहादा करून बघितलंय."

"मग जा नि घाला."

"मी? खऱ्या राऊटरवर? गावाचं पाणी तुटलं तर?"

"पंप आपापले चालतात. तुम्हाला फक्त पातळीचा आकडा पडद्यावर आणायचाय. मी येतो बरोबर."

शनिवारी आम्ही आर्वोच्या कचेरीत गेलो. तिथूनच पंपघरातल्या राऊटरमध्ये तिनं ती ओळ टाकली. अर्धं मिनिट काहीच झालं नाही. मग पडद्यावर उमटलं: चार मीटर वीस.

आर्वो आनंदानं घरच्या फिनिश भाषेत काहीबाही ओरडला आणि गुलाबी आयसिंगच्या, थंडर बेच्या खास पर्शियन बन्सचा खोकाच तिच्यापुढे ठेवला.

पुढे उन्हाळ्यात त्याच गावानं तिला कामावर घेतलं, आणि ब्रॅमनं फाइल पुसायचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या दिवशी मात्र लॉर्ना बनला हातही न लावता पडद्याकडे बघत बसली होती.

"चार एकोणीस," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी आंघोळीला बसलंय."