गिरणीतली शीळ

गोरक्षनाथनं इंजिन बंद केलं, पट्टा पुरता थांबू दिला आणि बायकोला हाक मारली. "ऐक. अजून वाजतंय."

"काय वाजतंय?" कडूबाई पदरावरचं पीठ झटकत आली.

"बेअरिंग. नुसती शीळ घालतंय."

"अवो, गिरनी बंद हाय. बंद गिरनीचं बेअरिंग कसं वाजंल?"

गोरक्षनाथ बेअरिंगकडं खुळ्यासारखा बघत राहिला. सकाळपासून त्यानं त्याला इतकं तेल पाजलं होतं, की खालची फरशी निसरडी झाली होती. शीळ मात्र तशीच. तो वाकायला गेला आणि झोकांडी जाऊन भिंतीला टेकला.

कोल्हारात गिरण्या आणखीही होत्या, पण बायका याच्याकडं यायच्या त्या याच्या कानासाठी. दगडाला दगड घासला की पीठ करपतं. घासायच्या आत गोरक्षनाथला ते ऐकू यायचं. तो बायकोशी भांडत असला तरी हात आपोआप दगड उचलायच्या चाकाकडं जायचा. आणि त्याच गोरक्षनाथच्या अंगावर आदल्या दिवशी दळण नेलेली रंगुबाई पिठाचा डबा घेऊन धावून आली होती. "रेशनची तांबडी मिलो ज्वारी आधीच घशाखाली उतरंना, त्यात तू करपवून दे!" त्यानं दगड काढून छिन्नीनं टाकी लावली, पुन्हा बसवले. पीठ पुन्हा करपलं. आपल्याला काही होतंय, का गिरणीलाच काही झालंय, हेच त्याला उमगेना.

एक गोष्ट नवराबायकोशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हती. गोरक्षनाथला क्षय झाला होता. क्षयवाल्याच्या हातचं पीठ कोण खाणार? नुसती कुणकुण लागली असती तरी गिरणीला कुलूप पडलं असतं. म्हणून गिरणीचं सामान आणायच्या नावाखाली तो येष्टीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेई. पण खोकला काही लपत नाही. तेव्हा गावातल्या डॉक्टरांच्या बाकावरही तो चारचौघांत जाऊन बसे, पिठाचा खोकला म्हणून सांगे आणि त्यांचंही इंजेक्शन घेऊन येई. लोकांची तोंडं बंद झाली. आणि एक औषध चांगलं तर दोन दुप्पट चांगली, असा कडूबाईचा साधा विचार. एका डॉक्टरपुढं दुसऱ्याचं नाव काढलं तर तो रागावेल, म्हणून दोघंही दोन्हीकडं गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं होतं. नवऱ्याला सरळ चालवेना, म्हणून कडूबाई बरोबर गेली. येष्टीत तो दोनदा परक्या माणसाच्या अंगावर कोसळला. "सकाळच्या पारीच लावली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. गोरक्षनाथला ते ऐकू आलं नाही. कडूबाईला आलं, आणि तिला रडू फुटलं.

सरकारी दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या तिनं मिश्रीची बाटली काढली. रबरी बुचाची काचेची छोटी बाटली. गावातला कंपाउंडर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या बायकांना देई, आणि बायका त्यात मिश्री नाहीतर हिंग ठेवत. गोरक्षनाथला तपासता तपासता डॉक्टरांची नजर तिच्या हाताकडं गेली.

"बाई, ही बाटली कुठली?"

"गावातली."

"यातलं इंजेक्शन कुणाला दिलं?"

कडूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर बाटली फिरवून वाचत होते. "यात स्ट्रेप्टोमायसिन आहे. आम्हीही यांना तेच देतोय. या बाटलीत त्यात पेनिसिलिन मिसळलेलं आहे, एवढाच फरक. क्षयाला हे औषध चांगलं, पण जास्त झालं की कानाची नस मारतं. कान त्यानंच जातायत, चक्करही त्यानंच येतेय."

"आमाला वाटलं, दोन येगळी दवा हायेत. लवकर बरं वाटंल."

"अहो, मला नुसतं सांगायचं तरी!" डॉक्टर म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, "मीही विचारलं नाही म्हणा."

"कान येतील का परत?"

"चक्कर कमी होईल. कानांचं... आशा ठेवू नका. इंजेक्शन आजपासून बंद. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

गोरक्षनाथ दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. "कडू, त्यास्नी त्या शिळंचं इचार की," तो मोठ्यानं म्हणाला. कडूबाईनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं.

वर्षभरात खोकला गेला, अंग भरलं. कान गेले ते गेलेच. जलम गिरणीत काढल्यावर दुसरं काय व्हायचं, असं गाव म्हणालं, आणि कडूबाईनं मान डोलावली.

एके दिवशी गावातले डॉक्टर गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आले. गोरक्षनाथची तब्येत बघून खूश झाले. "बघ कडूबाई! माझ्या इंजेक्शनानं खोकला पळाला का नाही?"

दळणाला आलेल्या बायका कौतुकानं बघत होत्या. कडूबाईनं त्या बायकांकडं पाहिलं आणि डॉक्टरांच्या हातातला डबा घेतला.

"व्हय डॉक्टर. खोकला गेला."

त्यांचे हलणारे ओठ बघून गोरक्षनाथनं अगदी मनापासून हात जोडले. डॉक्टर गेल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हनत हुते?"

त्याला सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागलं असतं. बायका उभ्या होत्या. कडूबाईनं गिरणीच्या तोंडाखाली हात धरला, गरम पिठाची चिमूट घेतली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं ती अंगठ्यानं चोळून पाहिली.

"जाडं पडतंय," तो म्हणाला, आणि चाक जरासं फिरवलं.