दोन ताटं, सारखीच

नोएमीने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजच्या चकत्या कांदेलाच्या कपाळावर बसवल्या आणि वरून रबरी पट्टा आवळला. टेबलावरची छोटी पेटी सुरू झाली. सिल्विना लेकीच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसली होती.

"दुखतंय का गं?"

"नुसत्या मुंग्या येतात, आई. मला छपरावर अँटेनासारखी उभी केलीस ना, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीलाही चित्र येईल."

रोसारिओ शहरातल्या या दवाखान्यात कांदेला कितीतरी आठवडे होती. सतरा वर्षांची पोर, पण ताट समोर आलं की हात थरथरायचे, श्वास अडकायचा. जेवताना डोक्याला बाहेरूनच हलका विद्युतप्रवाह द्यायचा हा उपचार अजून नवा होता. "याने भूक लागत नाही," उपचार करणाऱ्या नोएमीने आधीच बजावलं होतं. "भीती थोडी खाली बसते, तीही सगळ्यांची नाही. घास जिचा तिनेच घ्यायचा."

आज आईबरोबरचं जेवण पार पडलं, तर शनिवारी कांदेलाला दोन दिवस घरी सोडणार होते. म्हणून सिल्विनाने तिच्या आवडीच्या मिलानेसा करून आणल्या होत्या. गोमांसाचे पातळ काप, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले, शेजारी कुस्करलेला बटाटा. दोघींना सारखंच वाढायचं आणि दोन्ही ताटं रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही, असा इथला नियम.

कांदेलाने काप कापला, चावला, गिळला. मध्ये एकदा डोळे मिटून थांबली. मग काटा पुन्हा उचलला गेला. शेवटचा घास संपला तेव्हा सिल्विनाचे डोळे भरून आले होते.

"माझी गुणाची पोर ती," म्हणत ती ताटं उचलायला उठली.

"बस, सिल्विना," नोएमी म्हणाली.

सिल्विनाने खाली पाहिलं. तिच्या ताटातल्या कापाचे नखाएवढे तुकडे झाले होते आणि ते कडेकडेने पसरले होते. एकही कमी नव्हता. ते आपण कधी केले, हे तिला आठवेना. कांदेला अगदी असेच तुकडे करायची.

"मी घरून येर्बा पिऊन निघाले," ती म्हणाली. "त्या कडू चहाने पोट भरतं."

"आई," कांदेलाने शांतपणे विचारलं, "आपल्या टेबलाला चार खुर्च्या. बाबांची, धाकट्या ब्रूनोची, माझी. चौथीवर काय असतं?"

"इस्त्रीचे कपडे," सिल्विना बोलून गेली. मग सावरून म्हणाली,

"वाढणारीचं मागाहून होतं, बाळा."

"कधी?"

सिल्विना मागाहून जेवल्याचा एक तरी दिवस आठवू लागली. ओट्याशी उभी असलेली, भांडी घासणारी, थर्मास भरणारी ती दिसली. जेवणारी दिसेना. तिने घाईने काटा उचलला, तर हात थरथरत होता. गळ्यापाशी श्वास अडकला होता.

"मग तो पट्टा मलाच बांध," तिने हसायचा प्रयत्न केला.

"आधी तुला तपासावं लागेल. उद्याच ये," नोएमी म्हणाली. "आणि या शनिवारी हिला सोडता येणार नाही गं. उपाशी आई समोर उभी राहिली, तर ही पुन्हा तेच शिकेल."

सिल्विनाला वाटलं, आता पोर रडेल, किंवा बोल लावेल. तो तिचा हक्कच होता.

कांदेलाचा चेहरा पडला खरा. पण तिने खुर्ची जवळ ओढली.

"मांस गार झालं की जास्त जड जातं," ती म्हणाली. "बटाट्यापासून सुरू कर."

आणि आईकडे बघत राहायला नको, म्हणून तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

सिल्विनाने बटाटा तोंडात घातला. तो गिळायला तिला फार वेळ लागला.