कोहळ्यांची टोपली

शेजारच्या शकुनबाईंनी तिसरं कोहळं टोपलीत घातलं आणि टोपली उचलून रत्नमालेच्या डोक्यावर दिलीसुद्धा.

“वाडीत सडून राहिले बाई. घेऊन जा.”

सासू तुळसाबाईंचे हात पुढे झाले आणि तिथंच थांबले. सासूच्या डोक्यावर ओझं आणि तरणी सून मोकळी, असं दृश्य मोहल्ल्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर दिवाळीपासून झाकून ठेवलेलं.

रत्नमालेच्या काळजाची एक झडप अरुंद झाली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रोज सपाट रस्त्यानं, बोलत बोलत चालायला सांगितलं होतं. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं. ओझं तर उचलायचंच नाही. पण नुसतं फिरायला जाणं हे साहेबांच्या बायकांचं काम. गावात बाई मोकळ्या हातानं रस्त्याला लागली की चार जणी ‘कोठी चालली?’ म्हणून विचारणार. त्यावर तुळसाबाईंनीच युक्ती काढली. सुनेनं रिकामी टोपली घ्यायची आणि आपण सोबत जायचं. रिकामी टोपली दिसली की शेजारधर्म जागा होतो, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

झाकायचं होतं ते तृप्तीसाठी. रत्नमालेची ही नणंद कोंढा गावच्या एका घरी पसंत पडली होती, होकार तेवढा यायचा होता. घरात दुखणं आहे म्हटलं की लोक सून आणि लेक असं निवडत बसत नाहीत.

“विहार वलांडलं का टोपली मी घेतो,” तुळसाबाई हळूच म्हणाल्या.

“हो.”

“भाजी कायची करू आज?”

“वालाची... करू.”

विहाराच्या ओट्यावर माणसं बसली होती. त्यांत सोमाजी होता, कोंढ्याचं स्थळ आणणारा. रस्ता सपाटच होता, पण रत्नमालेच्या मानेवरची शीर वर आली होती.

“तृप्ती उठली असन ना?”

उत्तर आलं नाही.

“रत्ना?”

सुनेचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. आणखी थोडं चाललं की आडरस्ता होता. त्या थोड्याशा अंतराची तुळसाबाईंना वाटली तेवढी भीती जन्मात कशाची वाटली नव्हती.

त्यांनी टोपली ओढून खाली टाकली. एक कोहळं फुटलं. रत्नमालेला धरून त्यांनी ओट्याच्या पायरीवर बसवलं.

“जय भीम, बाई. काय झालं?” सोमाजी उठून आला. “रातची जागली असन, म्हणून चक्कर आली.”

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती.

“नाही,” तुळसाबाई म्हणाल्या. “तिच्या काळजाची झडप खराब हाय. वजन चालत नाही तिले. कोणाची गाडी असन तं आणा, दवाखान्यात न्याचं हाय.”

सोमाजी गाडी आणायला गेला. त्याच्या मनात काय आलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही.

बऱ्याच वेळानं रत्नमालेचा श्वास जरा खाली बसला.

“आई, काहून सांगतलं? तृप्तीचं...”

“तृप्तीले दुसरं घर भेटन,” तुळसाबाई पदरानं तिचं तोंड पुसत म्हणाल्या. “दुसरी तू कोठून आणू?”