निळ्या शाईखालची अक्षरं

बिदरच्या चौबाऱ्याजवळ हेमावतीचा फोटो स्टुडिओ होता. नवरा वीरण्णा महायुद्धाच्या दिवसांत पलटणीत हे काम शिकला होता. तो गेल्यावर दुकान तिनंच सांभाळलं. त्याच्या पेटीत दोन खास प्लेटा उरल्या होत्या, डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड टिपणाऱ्या. फ्लॅशचे बल्बही दोनच.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांची गरज पडली. जवळच्याच मेहकर गावच्या कलाबाईच्या वडिलांनी विहीर आणि मळा कुणाला द्यायचा, ते मरणाआधी लिहून ठेवलं होतं. नेमकी नावाच्या जागी निळी शाई सांडलेली. कलाबाई म्हणे नाव माझं, चुलतभाऊ उद्धवराव म्हणे माझं. कोर्टाच्या मुन्सफानं कागद देऊन तिप्पण्णा कारकुनाला हेमावतीकडं धाडलं. पाठोपाठ कलाबाई आणि उद्धवरावही आले.

"खाली काजळीची शाई हाय, वर पेनची," हेमावती म्हणाली. "तांबड्यापलीकडच्या उजेडात पेनची शाई दिसत न्हाई, काजळी तेवढी दिसती."

"जादूटोणा करायलाव का अक्का?" उद्धवराव हसला, पण कपाळ घामानं डबडबलं होतं.

खिडक्या बंद झाल्या. फ्लॅशच्या तोंडावर तिनं फक्त तोच उजेड बाहेर सोडणारी काळपट लाल काच बसवली, कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि बटण दाबलं.

फाट्कन आवाज झाला. बल्ब फुटला, त्याच्या दणक्यानं काच दुभंगली आणि फटीतून पांढरा लख्ख उजेड खोलीभर सांडला. प्लेट वाया गेली.

"झालं!" उद्धवराव म्हणाला. "तिप्पण्णा, कागद घ्या."

तिप्पण्णानं हात पुढं केला.

"थांबा अण्णा." हेमावतीच्या मनगटातून रक्त येत होतं. फ्लॅश झाकण्याएवढी काच आता उरली नव्हती. ती तुकड्यांकडं बघत राहिली. फ्लॅशचं तोंड मोठं, पण कॅमेऱ्याचा डोळा केवढासा! उजेड निघताना गाळला काय, आत शिरताना गाळला काय. मोठा तुकडा तिनं भिंगावर धरून काळ्या फडक्यानं कडा घट्ट आवळल्या. शेवटची प्लेट चढवली, शेवटचा बल्ब लावला.

"ह्योबी फुटला तर?" कलाबाईनं पुटपुटत विचारलं.

हेमावतीनं बटण दाबलं. डोळे दिपले, बल्ब मात्र शाबूत राहिला.

मग ती काळ्याकुट्ट कोठडीत शिरली. ह्या प्लेटला तांबडा दिवाही चालत नव्हता. मनात आकडे मोजत ती द्रावणात प्लेट हलवत राहिली. दाराबाहेर उद्धवरावाच्या जोड्यांची करकर थांबत नव्हती.

ओली प्लेट तिनं खिडकीशी धरली. डाग नाहीसा झाला होता. काळ्या काचेवर मोडी अक्षरं पांढरी उमटली होती. तिप्पण्णा अडखळत वाचू लागला, "माझ्या लेकी... कला आणि... राजू. दोघींना निम्मं निम्मं."

उद्धवराव तडक जिना उतरून गेला.

कलाबाई मात्र मटकन खाली बसली. "राजू माझी धाकटी भैन. सोताच्या मनानं लगीन केलं म्हनून अप्पानं तिचं नाव घ्यायची बंदी केलती घरात. बारा वर्सं झाली."

हेमावतीनं तिला पाणी दिलं.

"अक्का, ह्याचा कागदावर फोटू निघंल का?" कलाबाईनं डोळे पुसले. "निंबर्ग्याला हाय ती. मी सोता घिऊन जाते."